आमचे ते अन् बाजारातले ते

माझे शुद्धलेखन चुकते, अक्षरही वाकडे आहे, त्याबद्दल माफी. चौथीपर्यंतच शिकले. वही माझ्यापुरतीच आहे, तरी मागते.

सानगडीच्या बाजारात एक शिलाईचे दुकान आहे. तिथे शिवणारे एकटेच आहेत, ते स्वतःला बाईही म्हणवत नाहीत, पुरुषही नाही. ‘मले ते म्हना,’ एवढेच सांगतात. लोकांनी मागे ‘जी’ लावून चिडवायला ‘तेजी’ केले. ते दिसले की धानाचे व्यापारी ओरडत, “तेजी आली रे, भाव वाढवा!”

ते हसून म्हणत, “आली नाही जी, आले म्हना. अन् भाव खरंच वाढवा, शेतकरी आशीर्वाद देतीन.”

मला तर कोणी नुसती हाक मारली तरी घाम फुटतो.

ब्लाऊज शिवायला गेले तेव्हा मीही अडखळले. ते म्हणाले, “घरच्या माणसाले ‘ते’च म्हनता ना जी? मंग मले म्हनाले कायले लाजता?”

पुढे त्यांची जुनी मशीन बिघडली. नवीला पंधरा हजार लागत होते अन् बँकेत कागदावर बाई लिहायचे की पुरुष, यावर अडले. मी बचत गटाच्या बैठकीत उभी राहिले. एवढेच बोलले, “त्यांच्या मशीनसाठी पाहिजेत. ते फेडतील.” सगळ्यांनी माना हलवल्या, माझ्या नावावर कर्ज मिळाले.

मशीन बाजारात पोहोचली तेव्हा समजले, बायांना ‘ते’ म्हणजे माझा नवरा वाटला होता. अध्यक्षबाई घरी आल्या.

“काहून वो, तुझे ते किती हायेत?”

आमचे ते अंगणातच होते, ते हसायला लागले. बाई हसल्या नाहीत. “एक हप्ता चुकला तं तुले गटातून काढू,” म्हणून गेल्या.

पुढच्या बैठकीला बाजारातले ते स्वतः आले. दारातूनच म्हणाले, “मशीन माझी हाय, नाव या बाईचं. मले तेजी म्हनतेत, लिहून घ्या.” अन् पहिला हप्ता सतरंजीवर ठेवला. मग एक म्हातारी म्हणाली, “बसा ना जी, उभे कायले राह्यले?”

एवढ्या बायांसमोर असे सरळ बोलणे मला जन्मात जमले नसते.

दर महिन्याला ते येत. दिवाळीत कामे वाढली तेव्हा दोन हप्ते एकदम दिले. काल शेवटचा दिला. गिऱ्हाइकाचे लग्नाचे कपडे द्यायचे होते, म्हणून पाणीही न पिता गेले. पंधरा हजार, व्याजासकट, पूर्ण फिटले.