पिंजऱ्यातलं घुंगरू

आमच्या दिंडोशीच्या बिल्डिंगमध्ये सगळे आमच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याला लव्हबर्डच म्हणतात. तो बजी जातीचा छोटा पोपट आहे, लव्हबर्ड वेगळे, हे मी सुरुवातीला समजावून सांगायचे, मग नाद सोडला. हिरवं अंग, पिवळं डोकं, मुठीत मावेल एवढा जीव. त्याची जोडीदारीण गेली आणि आठवडाभरात त्याने स्वतःच्याच छातीची पिसं उपटायला घेतली. खालची गुलाबी कातडी दिसायला लागली.

पक्षी खरं तर माझ्या सासऱ्यांचा. सासूबाई गेल्यावर नवऱ्याने त्यांच्यासाठी ती जोडी आणली होती. सासरे रत्नागिरीकडचे, आयुष्याची उमेदीची वर्षं गिरणीत मागावर काढलेले. घरातल्या माणसांशी ते दिवसाला चार वाक्यं बोलत, तीही जेवणाबद्दल. पिंजऱ्याशी मात्र सकाळभर गप्पा. आता हाही पक्षी गेला तर ते कोणाशी बोलणार, याची मला धास्ती होती.

मालाडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आजार नाही, नुसता एकटेपणा आणि कंटाळा. चोचीला काम द्या. दुकानातली खेळणी मी बघून आले. चकचकीत प्लॅस्टिक, आणि रंग नखाने खरवडून निघत होता. पक्षी ते कुरतडणार, म्हणजे पोटात जाणार. म्हटलं, घरीच करू.

मग काय, मी पदर खोचून कामाला लागले. लेकीच्या जुन्या वह्यांची कोरी पानं काढून पंखे केले, पण स्टेपलर नाही, गोंद नाही. आइसक्रीमच्या साध्या काड्यांना भोकं पाडून सुतळीत ओवल्या. कोथिंबिरीची जुडी देठं वर करून लाकडी चिमट्याने टांगली. ती त्याने पहिल्याच दिवशी फस्त केली, काड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सासरे बाजूला बसून बघत असत. एकदा म्हणाले, "मी काय करू?"

"तुम्ही बसा, बाबा."

माझा हा जुना दोष आहे. काम हातात घेतलं की दुसऱ्याला बोट लावू देत नाही, आणि वर एकटीच राबते म्हणून कुरकुरते.

दोन दिवसांनी मी पोळ्या लाटत असताना गॅलरीतून भयंकर किंचाळणं ऐकू आलं. धावले. पिंजऱ्याच्या छताला एक पितळी घुंगरू लटकत होतं आणि त्याच्या फटीत नख अडकून पक्षी उलटा फडफडत होता. तरुणपणी सासरे गावच्या जाखडीत नाचत. पायात बांधायची ती घुंगरं त्यांनी इतकी वर्षं ट्रंकेत जपली होती. त्यातलंच एक त्यांनी सोडवून आत बांधलं होतं, मला न विचारता.

"तुम्हाला काही कळतं का हो? मेला असता ना तो!" मी ओरडले. शेजारच्या गॅलरीतल्या बाईने वळून पाहिलं.

माझा आवाज ऐकून सासरे आतून पळत आले. खांद्यावरच्या पंच्यात त्यांनी पक्षी अलगद धरला आणि मला फक्त म्हणाले, "पक्कड दे." मी ती धावत आणून दिली. घुंगराची फट वाकवून त्यांनी नख सोडवलं. थेंबभर रक्त आलं, तेवढंच.

त्यानंतर ते गॅलरीत बसेनासे झाले. दिवसभर टीव्हीसमोर, तोही आवाज बंद करून. रात्री नवऱ्याला म्हणाले, "कोणाला तरी देऊन टाक त्याला. माझ्या हातून मरायचा." इकडे पक्ष्याने दोन्ही खांद्यांची पिसं उपटायला घेतली. खेळणी तशीच लटकत होती. मला त्या आठवड्यात माझा स्वतःचा इतका राग आला की सांगता सोय नाही. माफी मागायला जायचे आणि "चहा घेता का" विचारून परत यायचे.

एक दिवस नारळ फोडला आणि करवंटीचा झोपाळा करायचं डोक्यात आलं. पॉलिश पेपरने घासून तिची सगळी शेंडी काढली. पण सुतळीच्या माझ्या गाठी जाडजूड, त्यांची टोकं बाहेर. त्यात पुन्हा नख अडकणार. दोन तास खटपट केली. मग करवंटी उचलली आणि सासऱ्यांच्या मांडीवर नेऊन ठेवली.

"मला जमत नाही."

त्यांनी करवंटी हातात फिरवून पाहिली. मग मागावर तुटलेला धागा सांधायचे, तशी गाठ मारली. बारीक, चपटी, टोक कुठे गेलं ते दिसूच नये अशी. चार गाठी मारून होईपर्यंत माझा चहा निवला होता. झोपाळा टांगायला ते स्वतः उठून गॅलरीत गेले. पक्षी लगेच काही बसला नाही. तिसऱ्या दिवशी बसला. महिन्याभरात छातीवर नव्या पिसांचे पांढरे कोंब दिसू लागले.

मग एका सकाळी पुन्हा घुंगराचा आवाज आला. मी हातातलं लाटणं घेऊनच धावले. सासरे पिंजऱ्याबाहेर खुर्चीत बसले होते. घुंगरू त्यांच्या मुठीत होतं, ताल धरलेला, आणि आत पक्षी मान वरखाली करत होता.

"माझ्या हातात आहे गो," ते घाईने म्हणाले. "आत नाय ठेवलं."

एवढा मोठा माणूस मला घाबरून खुलासा देत होता. मी लाटणं खाली ठेवलं. म्हटलं, "माझं चुकलं, बाबा, त्या दिवशी. मी तसं बोलायला नको होतं."

"ओरडलीस म्हणून मी पळत आलो," ते म्हणाले. "नायतर मला कमी ऐकू येतं." आणि त्यांनी घुंगरू माझ्या पिठाच्या हातात ठेवलं.

मी वाजवलं. पक्ष्याची मान एकदम थांबली.

"तुला ताल नाय," सासरे म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले. मग जेवायची वेळ होईपर्यंत ते मला ताल शिकवत बसले.