चौदा नंबरची चूक

परसराम गजभिये प्रयोगशाळा परिचर होते आणि एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एकही परीक्षानळी फुटली नव्हती. मोहाडीपासून आठ-दहा किलोमीटरवरच्या एका गावात, चहूबाजूंनी बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, असलेली ती शाळा. प्रयोगशाळा सगळ्यात शेवटच्या खोलीत. तिची मागची भिंत थेट बांधीला लागून, त्यामुळे पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत भिंतीपलीकडे पाणी उभंच असायचं.

खोलीत कडाप्प्याच्या लांब फळ्या होत्या आणि त्यांवर रसायनांच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीखाली परसरामांनी खडूने गोल आखला होता. एखाद्या मास्तरांनी बाटली उचलून बोटभर बाजूला ठेवली, तर ते काही न बोलता यायचे, बाटली गोलात घालायचे, लेबल समोर करायचे आणि जायचे. पोरं त्यांना ‘गोलवाले काका’ म्हणत. परसरामांना त्याचा राग नव्हता.

१९९९ साली, गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी, संस्थेने शाळेला रंगीत टीव्ही दिला. विज्ञानाचे टेकचंद कटरे सर नागपूरहून एका जुन्या विदेशी पिक्चरची हिंदी कॅसेट घेऊन आले. पाच माणसं यानातून एका अनोळखी ग्रहावर उतरतात, तिथे भूकंप होतो, यान कलंडतं आणि पाचही जण तिथेच राहतात, एवढीच गोष्ट. सरांना ती तोंडपाठ होती. त्यांनी एक स्पर्धा सुरू केली. दरवर्षी भादव्यातल्या एका शनिवारी आठवी-नववीची पोरं प्रयोगशाळेत बसवायची, खिडक्यांना काळा कागद लावायचा, पिक्चर दाखवायचं आणि त्यातल्या चुका लिहायला लावायच्या. कप्तानाचं घड्याळ एका शॉटमध्ये डाव्या हातात, दुसऱ्यात उजव्या. डॉक्टरची दाढी सकाळी वाढलेली, दुपारी कमी. सरांची यादी बावीस चुकांची होती. ज्याच्या जास्त जुळतील त्याला कंपास पेटी.

यादीतली चौदा नंबरची चूक टेबलावरच्या टिनाच्या मगाची होती. यान उतरतं तेव्हा तो टेबलाच्या मधोमध असतो. थोड्या वेळाने दिसतो तेव्हा कडेकडे आलेला. नंतर आणखी कडेला. मधल्या काळात त्याला कोणी हात लावलेला नाही.

टीव्ही लावणं-बंद करणं परसरामांकडे होतं, म्हणून पिक्चर त्यांनीही दरवर्षी पाहिलं. फक्त शेवटची दहा मिनिटं त्यांना मिळत नसत, कारण तेव्हा ते व्हरांड्यात पोरांसाठी चिवड्याच्या पुड्या मांडत असत. तिसऱ्या की चौथ्या वर्षी, सगळी पोरं गेल्यावर, ते सरांना म्हणाले, ‘‘सर, ते चौदा नंबरचं खोडा. ते चूक नाही.’’

‘‘काहून?’’

‘‘मग सरकून राहिला जी. यानाखालची जमीन खचून राहिली. ते लोक आपसात भांडून राहिले, म्हणून कोणाच्या ध्यानात नाही येत. पिक्चरवाल्यानं आपल्याले दाखवलं.’’

सर मनापासून हसले. ‘‘परसरामभाऊ, शूटिंग चार दिवस चालते. रात्री टेबल पुसणाऱ्या पोऱ्यानं मग उचलला, सकाळी कुठंतरी ठेवला. झालं. इतका विचार कोणी करत नाही.’’

‘‘मी करतो ना जी,’’ परसराम म्हणाले.

हा वाद पुढे सहा वर्षं चालला. कॅसेट जाऊन सीडी आली, वाद तोच राहिला. सर चहा पिता पिता नवा मुद्दा काढायचे, परसराम फळी पुसता पुसता उत्तर द्यायचे. दोघांनाही त्यात गोडी होती. सर मोठेपणा मिरवत नसत आणि परसराम दबत नसत. त्या शाळेत अशी बरोबरीची बोलणी फार नव्हती.

मग २००८ सालचा पावसाळा आला.

ऑगस्टच्या एका सोमवारी परसरामांनी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं आणि ते दारातच थांबले. मधल्या फळीवरच्या सगळ्या बाटल्या आपापल्या गोलातून थोड्या थोड्या बाहेर आलेल्या होत्या. एखादी नाही, सगळ्या. आणि सगळ्या एकाच बाजूला, मागच्या भिंतीकडे.

शनिवारी कुलूप त्यांनीच लावलं होतं. चावी त्यांच्याच कमरेला होती. त्यांनी बाटल्या गोलात घातल्या आणि कोणाला काही सांगितलं नाही. गुरुवारी पुन्हा तेच. उंदीर म्हणावं तर उंदीर अकरा बाटल्या एका रेषेत ढकलत नाही. आपलंच डोकं फिरलं की काय, असं वाटून त्यांनी बारीक शिसपेन्सिलीने प्रत्येक बाटलीशी खूण केली आणि तारीख टाकली. पुढच्या आठवड्यात खुणा आणि बाटल्या यांच्यात दोन सूत अंतर पडलं होतं. कपाटाचं दार, जे वर्षानुवर्षं घट्ट बसायचं, ते आता आपोआप उघडून भिंतीकडे झुलायचं. दुपारी वर्ग नसला की ते खोलीत एकटेच उभे राहून ऐकत. बाहेर बांधीत बेडूक ओरडत. आत काहीच आवाज नसे, आणि त्यांना त्याचीच भीती वाटायची.

घरी जेवताना त्यांचा हात थांबायचा. त्यांच्या बायको, विमलाबाई, म्हणाल्या, ‘‘अतुलचे बाबा, काय होऊन राहिलं तुमाले? चार दिवसांपासून ताटात पाहून राहिले.’’

‘‘काही नाही. तू जेव.’’

शेवटी त्यांनी भौतिकच्या कपाटातून पातळी मोजायची पाणसळ काढली आणि जमिनीवर ठेवली. काचेतला बुडबुडा मधोमध थांबला नाही. तो उंच बाजूला, दाराकडे पळाला. म्हणजे मागची बाजू खाली जात होती.

ते कटरे सरांकडे गेले. सरांनी पाणसळ पाहिली, पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘भाऊ, प्रयोगशाळेची फरशी धुवायला उतारावरच बांधतात. ती पहिल्यापासून तशीच असन. अन् दारं आपटतात, बाटल्या हलतात. तुमच्या डोक्यात तो मग बसला आहे.’’

‘‘एकोणतीस वर्षं मी ही फरशी धुतो सर. पाणी दाराकडं यायचं. आता भिंतीकडं जाऊन राहिलं.’’

सरांनी पुन्हा एकदा बुडबुड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘मुख्याध्यापकांना सांगतो.’’

मुख्याध्यापक लांजेवार सरांनी ऐकून घेतलं. दिवाळीनंतर कोणातरी जाणकाराला आणून दाखवू, म्हणाले. शनिवारची स्पर्धा मात्र ठरल्याप्रमाणे, ठरल्या जागी. छपन्न पोरांनी नावं दिली होती.

त्या शनिवारी परसराम नेहमीपेक्षा लवकर आले. पोरं रांगेने आत जाऊन बसली. मागच्या भिंतीला टेकून बसायला नेहमीसारखी ढकलाढकली झाली, कारण टेकायला मिळायचं. काळे कागद लागले. सरांनी बटण दाबलं. टीव्ही लागला नाही. दिवाही लागला नाही.

परसराम दारात उभे होते. त्यांच्या मुठीत फ्यूज होता.

‘‘सर, पोरं बाहेर काढा,’’ ते म्हणाले. ‘‘पिक्चर दुसरीकडं कुठंही दाखवा. इथं मी लागू देत नाही.’’

‘‘परसराम, फ्यूज द्या.’’ लांजेवार सर तोवर आले होते.

‘‘नाही देत जी.’’

छपन्न पोरं ऐकत होती. एवढ्या वर्षांत त्या माणसाने कोणाला ‘नाही’ म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं. कटरे सरांचा चेहरा लाल झाला. त्यांना वाटलं, वादात हरला म्हणून हा माणूस आपली स्पर्धा मोडतो आहे. तसं ते सगळ्यांसमोर बोललेही. परसरामांनी मूठ उघडली नाही. अखेर पोरांना घरी सोडलं. सोमवारी परसरामांच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली आणि त्यांना प्रयोगशाळेतून काढून घंटेवर बसवण्यात आलं. चावी कटरे सरांकडे गेली, फ्यूजही.

त्यानंतर आठ दिवस काहीही झालं नाही.

तेच दिवस सगळ्यात वाईट गेले. पोरं येता-जाता विचारत, ‘‘काका, मग सरकला काय?’’ मास्तर लोक हसू दाबत. परसराम घंटेजवळच्या स्टुलावर बसून त्या शेवटच्या खोलीकडे पाहत राहायचे. आपण चुकलो असू, तर बरंच आहे, असं ते स्वतःला सांगत. आणि मग एका दुपारी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ती भिंत पडायला हवी आहे. तिथे नववीचा वर्ग होता, पोरं लिटमस बुडवत होती, आणि आपण मनातून वाट पाहतो आहोत. ते उठले आणि हौदावर जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. त्या रात्री विमलाबाईंना त्यांनी सगळं सांगितलं, फक्त हे सोडून.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी प्रयोगशाळेत शेवटचा तास रिकामा होता. कटरे सर एकटेच प्रयोगशाळेत गेले आणि त्यांनी सीडी लावली. त्यांना हा वाद एकदाचा मिटवायचा होता. चित्र थांबवत थांबवत, काचेवर पट्टी धरून ते मगाचं अंतर मोजत होते आणि वहीत लिहीत होते.

परसराम चारला दहा कमी असताना घंटा द्यायला उठले. दोरी हातात घेतली आणि तेवढ्यात त्यांना एक बारीक आवाज आला. काचेवर काच. थांबला. पुन्हा आला, आता लांबलचक, जशी कोणी बाटल्यांची अख्खी रांग हलक्या हाताने हलवत असावं. दोरी सोडून ते पळाले.

‘‘या, या,’’ सर आतून म्हणाले. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. ‘‘पाहा तुमचा मग. मोजला मी. आता ऐका...’’

मधल्या फळीवरची टोकाची बाटली खाली आली. फुटली. मग तिच्या शेजारची. सर पट्टी तशीच हातात धरून त्या बाटल्यांकडे पाहत उभे राहिले. परसरामांनी त्यांचं मनगट धरलं आणि ओढलं.

भिंत धाडकन पडली नाही. ती बसली. एखादं थकलेलं जनावर आधी मागचे पाय मोडतं तशी ती खाली गेली, आणि मग छप्पर आत आलं. परसराम व्हरांड्यात होते. सरांचा एक पाय उंबऱ्यात होता आणि चौकट त्यावर आली. आतून आम्लाचा पिवळट धूर निघाला आणि बांधीतलं पाणी, हळूहळू, कोणतीही घाई नसल्यासारखं, खोलीत शिरू लागलं. अर्ध्या तासापूर्वी तिथे नववीची पोरं बसलेली होती.

सरांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. घोट्याचे तुकडे झाले होते. आठवड्याने परसराम भेटायला गेले, डब्यात विमलाबाईंनी दिलेली भाजी-भाकर घेऊन. परसरामांनी डबा उशाशी ठेवला. मग सर म्हणाले, ‘‘सगळ्यांसमोर बोललो तुम्हाला. ते चुकलं.’’

‘‘जाऊ द्या जी.’’

‘‘पण एक सांगू? चौदा नंबर चूकच आहे. शेवटी यान खिडकीकडं कलंडतं. टेबलावरचा मग मात्र दाराकडं सरकतो. उलटा. जमीन खचली असती, तर तो खिडकीकडं गेला असता. तुम्ही शेवट कधी पाहिलाच नाही.’’

परसराम पलंगाच्या कडेवर बसले होते. त्यांना हसू आलं नाही. ज्या गोष्टीवर विसंबून आपण छपन्न पोरं बाहेर काढली, ती मुळात खोटीच होती, टेबल पुसणाऱ्या कोण्या पोऱ्याची नजरचूक. मग माझ्या डोक्यात ते पिक्चर नसतं, तर मी पाणसळ काढली असती काय? हा प्रश्न त्यांनी सरांना विचारला नाही. त्यांनी डबा उघडून सरांपुढे केला.

नोटीस परत कोणी घेतली नाही. त्यावर पुढे कोणी बोललंही नाही. सर काठी घेऊन शाळेत परतले. स्पर्धा पुन्हा झाली नाही. पडलेल्या खोलीचा मलबा उचलला, जागेला काटेरी कुंपण घातलं.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात, बांध्या भेगाळून पांढऱ्या पडल्या होत्या तेव्हा, परसराम कुंपणातून आत गेले. भिंतीच्या जागी त्यांनी पायाने माती उकरली. माती काळी आणि ओली होती. त्यांनी हातभर खोल काठी घातली. ती लोण्यात शिरावी तशी शिरली आणि वर काढताच भोकात पाणी भरलं. बांधी कोरडी, विहिरीने तळ गाठलेला, आणि इथे पाणी. ते कुठून येतं, हे गावात कोणालाच सांगता आलं नाही. त्याच ओळीत पुढे पाचवीचा वर्ग होता, त्याच्यापुढे ऑफिस.

त्यांनी लांजेवार सरांना बोलावून ते भोक दाखवलं. सर बराच वेळ वाकून पाहत राहिले.

‘‘पाचवी कुठं बसवायची?’’ त्यांनी विचारलं.

‘‘समाजमंदिरात,’’ परसराम म्हणाले. ‘‘मी बोलून ठेवलं आहे.’’

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पाचवीची पोरं दप्तरं घेऊन समाजमंदिरात गेली. ऑफिस मात्र तिथेच राहिलं.