सुरगाठ

माझे हात बांधायला दोर माझ्याच बापाच्या घरून मागवला.

चावडीपुढं मला उकिडवं बसवलं होतं. देशमुख ओट्यावर, तोंडात पान. बाजूला निजामाचा जमादार. मला पैनगंगेच्या पल्याड, इंग्रजाच्या शिपायांच्या ताब्यात द्यायचं ठरलं होतं. देशमुखानं बेडी घाला म्हटलं तर जमादार म्हणाला, "बेडी सरकारी है. उस पार नहीं जाएगी."

देशमुख हसला. "मग मांगवाडा कशाला पोसलाय? लखाला बोलवा. नवा दोर घेऊन ये म्हणावं."

लखा म्हणजे माझा बा. गावाला दोर, दावी, कासरे वळून द्यायचे हे आमच्या घराचं काम. त्याच्या बदल्यात सुगीला खळ्यावरचं उरलंसुरलं. बा आला. अंबाडीचा दोर, माझ्याच हातानं वळलेला. त्यानं तो खाली ठेवला आणि मागं सरला. आमच्या हातून त्यांच्या हातात काही जात नसे.

"ठेवतो कुठं? तूच बांध," देशमुख म्हणाला. "लेकराला बापाच्या हातचं गोड लागतंय. अन् पक्कं बांध. मांगाच्या गाठीचं नाव राहिलं पाहिजे."

जमलेलं गाव हसलं. बा वाकला, माझे हात बांधले. माझ्याकडं बघितलं नाही. त्या घडीला मला देशमुखापेक्षा बापाचा राग आला.

गुन्हा काय ते सांगतो. त्या काळी पैनगंगा म्हणजे दोन राज्यांची शीव. अल्याड निजामाचं राज्य, पल्याड वऱ्हाड, तिथं इंग्रजाचं. पल्याड चोरी करायची अन् नदी ओलांडून अल्याड यायचं, की चोर सुटला. म्हणून दोन्ही सरकारांनी आपसात ठरवलं होतं, एकानं मागितला तर दुसऱ्यानं चोर द्यायचा. ठरवलेलं वाईट नव्हतं. वऱ्हाडातल्या एका कुणब्याची बैलजोडी गेली, आणि आमच्या देशमुखाच्या गोठ्यात दोन तांबडे बैल आले. त्यांना दावी लावायला मलाच बोलावलं. मी विचारलं, "मालक, जोडी कुठल्या बाजाराची जी?" एवढंच. पल्याडच्या सरकारनं चोर मागितला तेव्हा देशमुखानं मला देऊन टाकलं. जुनं दावं द्यावं तसं.

नदीला गुडघाभर पाणी होतं. शीव मधोमध, म्हणून माणूस द्यायचा-घ्यायचा तोही मधोमध. पल्याडचा हवालदार बूट हातात घेऊन पाण्यात उभा. बेडी त्याच्या शिपायाकडं. अल्याडून जमादार अन् त्याचे शिपाई मला घेऊन निघाले, बा मागून येत होता. दोर गावाचा, तो सोडून परत न्यायला त्याला आणलं होतं.

चालता चालता मी मनगट फिरवलं आणि थबकलो. बापानं निरगाठ मारलीच नव्हती. सुरगाठ होती. तिचं टोक माझ्या बोटांपाशी सोडलेलं. ओढलं की मोकळा. साऱ्या गावापुढं, देशमुखाच्या नाकाखाली बापानं मला वाट ठेवली होती. मी वळून बघितलं. बा काठावरच्या बाभळींकडं बघून राहिला होता. माझ्याकडं नाही, बाभळींकडं.

मी टोक ओढलं. दोर पाण्यात पडला.

"पळ लेकरा," बा म्हणाला.

मी पळालो नाही. पळालो असतो तर दोन्ही राज्यांत चोर ठरलो असतो. देशमुखाचं खोटं माझ्या पायांनी खरं केलं असतं. मी तिथंच पाण्यात बसलो.

"ऊठ बे," हवालदार म्हणाला.

"उठतो. आधी देशमुखाच्या गोठ्यात चला. बैलं तिथं हायेत."

हवालदारानं जमादाराकडं बघितलं. जमादारानं पाण्याकडं.

"गोठा आमच्या हद्दीत नाही ना बे. आम्हाले माणूस भेटला, झालं."

"त्या कुणब्याला बैलं पाहिजेत का मी पाहिजे?"

यावर काठी आली. मग दोन्हीकडच्या आल्या. ओढत नेलं मला.

पाण्यात मार खाताना कळलं. कायदा नदी ओलांडतो. मांगवाड्यापर्यंत बराबर येतो. देशमुखाच्या गोठ्यापाशी मात्र त्याला हद्द लागते.

पल्याडच्या तुरुंगात दगड फोडले. सुटून आलो तर बा वाकळेवर. सुरगाठीपायी त्याला चावडीवर झोडपलं होतं. पुन्हा तो सरळ चालला नाही.

पोळ्याला सांगावा आला, दावी घेऊन या. मी सांगून पाठवलं, "आमच्या घरचा दोर देशमुखाच्या दारात येणार न्हाई."

बा म्हणाला, "खळं बंद करतील."

"करू द्या."

पडल्या पडल्या त्यानं अंबाडी पुढ्यात ओढली. मग म्हणाला, "साखऱ्याच्या बाजारात बसू. तिथं कुणी फुकट तर मागणार न्हाई." खळं बंद झालं, पाणी बंद झालं. बा गेला तेव्हा खांदा द्यायला आमचेच चौघं.

पुढं निजामाचं राज्य गेलं. नदी नुसती नदी झाली. वाटलं, आता विचारता येईल. नव्या साहेबाकडं गेलो. देशमुख तिथं खुर्चीवर, नवी टोपी घालून. मी दाराबाहेर. साहेब म्हणाला, "ते जुन्या राज्याचं प्रकरण. ते राज्यच राहिलं नाही."

राज्य राहिलं नाही. देशमुख राहिला. मी चोर ठरलो होतो, तो चोरच राहिलो.

आता नात सांगते, परदेशात साऱ्या जगाचं मिळून एक कोर्ट हाये. राजाला बी उभं करतंय. असेल. मी थकलो, बघायला जाणार नाही. तिला म्हटलं, शिकली-सवरलीस, एवढं विचार त्यांना, ते गोठ्यात शिरतंय का?

बोटं आता सरळ होत नाहीत. तरी वळतो. घेणाऱ्याला आधी विचारतो, काय बांधायचंय. बैल सांगा, बाज सांगा, देतो. मागं गावात कुण्या पोराला चोर म्हणून धरलं. चारजण दोर मागायला आले. काय बांधायचंय विचारलं, तर एकमेकांकडं बघून राहिले.

मी दोर मांडीखाली घेतला आणि बसलो. पाण्यात बसलो होतो तसा.

म्हणालो, उठवा.