आधी न्हाय, मग हाय

सर वारले आणि त्यांनी लिहिलेला कॉम्प्युटर प्रोग्राम माझ्याकडे आला. कॉलेजच्या संशोधन कक्षातली कागदपत्रं, चाव्या आणि याद्या मी सांभाळते. प्रोग्राम लिहिणं माझं काम नव्हे. पण तो पुढे चालू ठेवायचा तर आमच्या प्रमुख मॅडमना आराखडा हवा होता. प्रत कुठे ठेवणार, बदल कोण करणार, माणूस नसेल तेव्हा काय. शेवटचा रकाना सोडून मी सगळे भरले.

लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम केलेल्यांच्या कानांची ती पाहणी होती. मुख्य प्रश्न एकच: लूम बंद झाल्यावरही कानात आवाज राहतो का? उत्तर माणूस बोलला तसंच टाइप करायचं, हा सरांचा हट्ट. त्यातून होकार आणि नकार प्रोग्राम वेगळे करायचा.

प्रोग्रामची फाइल आवरताना त्यात सरांची एक ओळ दिसली: ‘आधी न्हाय, मग हाय. क्रम मोडू नका.’ मला हसू आलं, मग वाचवेना. चहा विचारला की सर आधी ‘न्हाय’ म्हणायचे आणि मग माझाच कप उचलायचे. त्यांची गंमत समजून मी ती ओळ काढली. प्रोग्राम उत्तरात जे शब्द शोधायचा, त्यांचा क्रमही सरळ केला. होकार वर, नकार खाली, कुठल्याही फॉर्मवर असतो तसा.

त्यानंतर प्रोग्रामने काढलेल्या यादीप्रमाणे दिघाशी गावात जवळजवळ प्रत्येकाच्या कानात लूम वाजत होता. तपासणीला या म्हणून सांगायला मॅडम आणि मी गेलो. पहिल्याच घरची म्हातारी म्हणाली, “मी न्हाय बोललेली, बाय. माझं कान धड हायत. तुझंच तपासून घे.” पुढच्या चार घरी तेच.

परतताना मॅडम म्हणाल्या, “प्रोग्राम चुकतोय. सर होते तोवर ठीक होतं. आता बंद करू या.”

मी हो म्हणाले.

कक्षात येऊन मूळ उत्तरं उघडली. न्हाय, न्हाय, न्हाय. बघता बघता अक्षरं सुटी झाली. प्रत्येक ‘न्हाय’च्या पोटात ‘हाय’ होता. प्रोग्राम आता आधी ‘हाय’ शोधत होता आणि सापडला की तिथेच थांबत होता. सरांनी ते ओळखून ठेवलं होतं. मी पुसलं होतं.

मॅडमच्या टेबलाशी गेले. “चूक सरांची नाही, माझी आहे.”

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “मग आराखड्यात लिहा. कोणी काढलं तेही.”

‘माणूस नसेल तेव्हा’ या रकान्यात मी सरांची ओळ लिहिली, त्यांच्याच शब्दांत, आणि खाली माझी चूक. तेवढ्यात लाइट गेली. मागच्या गल्लीतले लूम एकदम थांबले.

कानात मात्र ‘न्हाय’ चालूच होतं. मी नकळत माझा चहाचा कप थोडा पलीकडे, सरांच्या खुर्चीकडे सरकवला.