ओट्यावरची दोरी

“बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा. फोटोत येताय.”

हे मला म्हटलं माझ्याच ओट्यावर. माझ्याच भिंतीपुढे. म्हणणारे सर धुळ्याचे, देवपुरातल्या एका कॉलेजात चित्रकला शिकवणारे. सोबत चार पाहुणे, एकाच्या गळ्यात कॅमेरा. आणि मी बाजूला झाले. हात मातीने भरलेले होते, ते पदराखाली लपवले. शेणाचं घमेलं मात्र राहू द्या म्हणाले. घमेलं फोटोत छान दिसतं म्हणे. सरांचा राग नंतर आला. आधी माझाच आला, आणि तो अजून गेलेला नाही.

नव्वदीची सुरुवात होती. आमचं गाव शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. सर उन्हाळ्यात आले आणि म्हणाले, गावाच्या जमिनीचं चित्र गावानेच काढायचं. आवडलं आम्हाला, खोटं कशाला बोलू. आम्ही सात जणी माझ्या ओट्यावरच्या भिंतीपुढे बसलो. माझ्या आईची एक रीत होती. श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, घरात यायच्या आधी भिंत सारवायची, तर पहिली मूठ आपल्या शेतातल्या मातीची. मी म्हटलं, तसंच करू. ज्या शेताचं चित्र, त्याच शेताची माती. कुणी तांबडी आणली, कुणी मुरमाड. शेजारच्या कमलने नाल्याकाठची काळी आणली. तिचं अर्धं शेत नाल्याने नेलं होतं. तिने तेवढी जागा कोरी ठेवली. मी तिच्याकडे बघतच राहिले. सर बाजेवर बसून वहीत लिहीत होते.

फोटोच्या त्या दिवशी सर पाहुण्यांना सांगत होते, “मातीची कल्पना मी यांना दिली. यांच्या हातात असतं सगळं, डोक्यात नसतं.” मी दोन पावलांवर उभी. मला काय ऐकू येत नव्हतं का?

पाहुणे गेले आणि भिंतीवर पाटी लागली. वर मोठ्या अक्षरात सरांचं नाव. खाली बारीक, ‘सहभाग : ग्रामीण महिला’. त्याच्या खाली, ‘हात लावू नये’. ओट्याला दोरी बांधली. मी सातवी शिकलेली, म्हणून बायकांना वाचून दाखवलं. कमलने विचारलं, “मनं नाव कोठे शे?” मी ‘ग्रामीण महिला’वर बोट ठेवलं. ती हसली. हसण्यासारखं काही नव्हतं.

श्रावण लागला. पावसाने खालची माती फुगून गळायला लागली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई बसते, आणि जुन्या सारवणाच्या घरात तिला आणत नाहीत. सासू म्हणाली, “भीत सारवनी पडी.” नवरा म्हणाला, आधी सरांना विचार. आणि माझी अक्कल बघा, मी विचारायला गेले. एसटीने, पार धुळ्याला. स्वतःच्या घराची भिंत सारवायची परवानगी मागायला.

सरांनी वर्गात बोलावलं, मुलांपुढे उभं केलं. टेबलावर काचेची बरणी होती, आत काळी माती. वर चिठ्ठी, ‘माती, खानदेश’. ती कमलच्या शेतातली होती. त्या मातीत शिंपल्यांचे बारीक तुकडे असतात, मी कुठेही ओळखेन.

“बघा,” सर मुलांना म्हणाले, “आपण काय केलंय हेच यांना कळत नाही. पुसायला निघाल्यात.” मग माझ्याकडे वळले. “बाई, ती भिंत आता तुमची राहिली नाही. ती कलेची आहे. दिवाळीनंतर मुंबईचे लोक येणार आहेत बघायला.”

“आणि कानबाई?”

“एक वर्ष नाही आली तर काय होतं?”

मुलं हसली. मी बरणी उचलली. सर म्हणाले, “ठेवा ती.” नाही ठेवली. पदराखाली धरून स्टँडपर्यंत चालत गेले. एसटीत रडले, पण भीतीने नाही. आपण विचारायला गेलोच कशाला, या लाजेने रडले.

शनिवारी सकाळी विळ्याने दोरी कापली. पाटी उपटली. बरणीतली माती शेणात ओतली. नवरा म्हणाला, “सर काय म्हणतील?” सासू त्याच्यावर खेकसली, “हाई घर सरनं शे का?” बाकीच्या सहाही जणी आल्या. दुपारपर्यंत सगळी भिंत सारवून झाली. कमलच्या कोऱ्या जागेवर आले तेव्हा हात थांबला माझा. वाईट वाटलं. चित्र चांगलंच होतं. कमल म्हणाली, “सारव, व.” मी सारवलं. रविवारी कानबाई आली.

पाटी जाळली नाही. उलटी केली आणि मागच्या बाजूवर कोळशाने कमलला तिचं नाव लिहायला शिकवलं. दहा दिवस लागले. मग दुसरीला, मग तिसरीला. पुढच्या उन्हाळ्यात भिंतीवर पुन्हा चित्र काढलं, ते खाली सात नावं लिहूनच.

सर आले होते एकदा. कॅमेरा काढला आणि थांबले, मी हलायची वाट बघत. मी म्हटलं, “फोटो काढायचा तर मी त्यात येणार. नसेल चालत तर कॅमेरा ठेवून द्या.” त्यांनी ठेवून दिला. ठेवू दे. भिंतीवरचं चित्र दर श्रावणात आम्ही पुसणार, दर उन्हाळ्यात आम्हीच काढणार. मी त्या भिंतीपुढून बाजूला होणार नाही.