सगळ्यांनी तळाला टाकलेला संघ

माझी मुलगी पंधरा वर्षांची. शाळेत फ्लॅग फुटबॉल खेळते. हा अमेरिकन फुटबॉलचाच एक प्रकार, फक्त यात धडक मारायची नसते, समोरच्याच्या कमरेची पट्टी ओढायची असते. त्यातून तिला तिकडच्या मोठ्या लीगचं वेड लागलं आणि तिने एक संघ धरला. का, तर हेल्मेटचा रंग आवडला. संघ मात्र जवळजवळ दर आठवड्याला हरायचा.

गेल्या वर्षी जानेवारीत त्या संघाने हेड कोचला काढलं. नवा कोण येणार, याशिवाय आठवडाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. एक नावाजलेला, दुसरीकडे विजेतेपद मिळवलेला कोच मुलाखत देऊन गेला होता. मुलीने तो आलाच असं धरून वहीच्या पुठ्ठ्यावर त्याचं नावही लिहून टाकलं. संघाने घेतला भलताच माणूस. साठीला टेकलेला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाताखाली सहाय्यक राहिलेला. मुलगी खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

त्या शनिवारी संक्रांतीचं सामान आणायला आम्ही दोघी गाडीने दुबईला, करामाला निघालो होतो. अबू धाबीतल्या आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीतून निघाल्यापासून ती फोनमध्ये डोकं घालून होती. शहामा मागे पडल्यावर तिने नव्या कोचची पत्रकार परिषद गाडीच्या स्पीकरवर लावली, बहुधा मला तो किती वाईट आहे ते ऐकवायला. एकाने विचारलं, पहिल्या सीझनला किती मॅच जिंकाल? तो म्हणाला, माहीत नाही. मग पहिल्या दिवशी काय करणार? त्यावर तो म्हणाला की मी आधी संघाच्या डॉक्टर आणि मालिशवाल्यांशेजारी बसेन आणि कोण कुठली दुखापत लपवतोय ते विचारेन, कारण खेळाडू मला सांगणार नाहीत.

मी मुलीला म्हटलं, तेवढंच परत लाव.

मुसफ्फातल्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीत मी बावीस वर्षं माणसं घेण्याचं काम करते. गवंडी, क्रेन ऑपरेटर, प्रोजेक्ट मॅनेजर, सगळे. एकदा प्रत्येक प्रश्नाला फाडफाड उत्तर देणारा एक मॅनेजर मी घेतला होता. आठ महिन्यांत साइटवरचे निम्मे सुपरवायझर राजीनामा देऊन गेले, आणि त्यातल्या एकाने जाताना मला सांगितलं की साहेबांनी आम्हाला कधी काही विचारलंच नाही. ते मला फार लागलं होतं. तेव्हापासून उमेदवार स्वतः काय विचारतो याकडे माझं जास्त लक्ष असतं.

"हा माणूस चालेल," मी म्हटलं. "तुझा संघ पुढच्या वर्षी प्लेऑफला जाणार."

"मम्मा, यू डोन्ट इव्हन नो व्हॉट अ फर्स्ट डाउन इज."

ते खरंच होतं.

आमच्या शेजारच्या व्हिलात एक अमेरिकन शिक्षक राहतात, साठीचे, एकटे. दर सप्टेंबरला ते कंपाउंडमधल्या सगळ्यांकडून भाकितांचा तक्ता भरून घेतात. बत्तीस संघांतले चौदा प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, जातात, ते चौदा ओळखायचे. इथे पैज लावायला बंदी, त्यामुळे जिंकणाऱ्याचा फोटो वर्षभर त्यांच्या फ्रिजवर लागतो, एवढंच. आमचा संघ कुणीच घेतला नव्हता, मुलीनेही नाही. मी घेतला. शेजाऱ्यांनी दोनदा विचारलं की चुकून भलत्याच चौकटीत खूण केली का. मी कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसू आवरलं.

पहिल्या तीन मॅच आम्ही हरलो. मी ऑफिसमध्ये जेवताना फोनवर नियम शिकायला लागले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, जमलं की तोच फर्स्ट डाउन आणि पुन्हा चार प्रयत्न. चौथी मॅच जिंकलो, मग पाचवी. नोव्हेंबरात मुलगी मला टिश्यू पेपरवर डावपेच काढून दाखवायला लागली. डिसेंबरात अपरात्रीच्या मॅचला मी गजर व्हायच्या आधी उठायला लागले. शेवटच्या मॅचवर सगळं येऊन ठेपलं. जिंकलो तर आत, हरलो तर घरी.

ती मॅच आमच्या घड्याळात रविवारी पहाटे सव्वापाचला होती. अल ऐनच्या हॉस्पिटलात नोकरीला असलेला आणि वीकेंडला घरी आलेला नवरा उठून कांदे चिरायला बसला. शेजारी स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आले, खरं तर सोफा रिकामा होता. फज्रची अजान झाली तेव्हा आम्ही दहा गुणांनी मागे होतो. पोहे झाले तेव्हा तीनने. कुणी नीट खाल्लं नाही.

एक मिनिट उरलं असताना आम्ही दोन गुणांनी मागे, चौथा प्रयत्न, दोन यार्ड कमी. लांबून किक मारली आणि ती बसली तर तीन गुण. न मारता दोन यार्ड काढायला जावं आणि अडलं, तर सगळं संपलं. कॅमेरा कोचवर गेला. तो वाकून किक मारणाऱ्या पोराला काहीतरी विचारत होता. पोराने मान हलवली, नाही. कोचने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बाकीच्यांना मैदानात पाठवलं.

"ही आस्क्ड हिम," मुलगी म्हणाली आणि माझं मनगट धरलं.

आमचा एक जण चेंडू घेऊन गर्दीच्या मधून घुसला. माणसांचा ढीग पडला, पंचांनी यार्ड मोजले, आणि आमचा माणूस चार यार्ड पुढे निघाला. मग आणखी पुढे सरकून, अगदी जवळून, घड्याळात तीन सेकंद असताना, त्याच पोराने किक मारली. चेंडू दोन्ही खांबांच्या मधोमध गेला. मी सोफ्यावर उभी होते. कधी चढले ते आठवत नाही. शेजाऱ्यांनी नवऱ्याला मिठी मारली, त्याच्या हातात झारा होता.

प्लेऑफच्या पहिल्याच मॅचला आम्ही हरलो, सरळ हरलो. मुलगी थोडी रडली, मग उठून पराठा खाल्ला. त्या आठवड्यात लीगमधल्या काही संघांनी कोच काढले. शनिवारी दुपारी शेजाऱ्यांनी बेल वाजवली. उमेदवारांच्या मुलाखतींचे व्हिडिओ त्यांनी फोनवर जमवले होते. म्हणाले, मॅडम, जरा ऐकता का? मुलीने सोफ्यावर सरकून त्यांना जागा दिली आणि पहिला व्हिडिओ टीव्हीवर लावला.