फिरकीचा तांब्या

कुंभकोणम्‌च्या बसस्टँडामागं एका वयस्कर गृहस्थांचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्या स्कूटरची बॅटरी सारखी उतरायची, त्यामुळं आठवड्याला एक फेरी ठरलेलीच. ॲसिडनं चाळण झालेली वेष्टी नेसून ते सतत आत-बाहेर करत. जुनी बॅटरी फोडायची, शिसं काढून घ्यायचं, ॲसिड मागच्या आवारात ओतायचं, आणि मधेच फिरकीच्या तांब्यातलं घरचं पाणी प्यायचं. त्या तांब्याला ते कुणाचा हात लागू देत नसत. मला वाटे, सोवळं असेल. माझ्यासाठी मात्र शेजारच्या दुकानातून न चुकता कॉफी मागवत.

एकदा सरकारी नोटीस आली, इंग्रजीत. त्यांनी ती मला वाचायला दिली. बॅटरीचं ॲसिड आणि शिसं उघड्यावर टाकू नये, आसपासच्या विहिरींत विष उतरतं, असं तीत होतं. मी तमिळमध्ये सांगू लागलो. आम्ही दोघेही घरी तंजावरी मराठी बोलणारे, पण दुकानात सदा तमिळच. त्या दिवशी पहिल्यांदाच ते मराठीत बोलले, आणि तेही हळू आवाजात.

"तमिळांत नको रे. शेजारी ऐकतील."

मागच्या आवारात एकच विहीर होती. कॉफीवाला तिचंच पाणी काढायचा.

"तुम्हांस हें आधीपासून ठाऊक होतें?" मी विचारलं.

नोटिशीची घडी करून त्यांनी गल्ल्याखाली सारली. मग सवयीनं शेजारी हाक देऊन माझ्यासाठी एक कॉफी सांगितली, आणि स्वतः तांब्याची फिरकी उघडली.